गोल माणसाची सावली

मुलांसाठी कार्टून काढणाऱ्या आमच्या कंपनीच्या मालकांना स्वतःला मांजर काढता येत नसे. काढलीच, तर खाली ‘मांजर’ असं लिहावं लागे. पण त्यांनी एकदा दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला त्यांना पाव हळकुंडही पुरे. तिथून येताना त्यांनी एक तक्ता आणला आणि चौकट करून भिंतीवर लावला: गोल माणूस प्रेमळ, चौकोनी माणूस भरवशाचा, त्रिकोणी माणूस हरामखोर. मनुष्यस्वभाव तीन ओळींत आटोपला होता. बाकीचं जग उगाच डोकेफोड करत बसलं होतं.

त्या तक्त्यावर आम्ही सात वर्षं काढली. आमच्या खलनायकांना हनुवटीने लिफाफे फोडता आले असते. मालकांनी मेहुण्याला निर्मितीप्रमुख केलं, तेव्हा कारणही हेच दिलं की त्याचा चेहरा गोल आहे. बायकोचा उल्लेख त्यांनी टाळला.

तक्त्याशेजारी दुसरी चौकट होती, सावलीच्या परीक्षेची. नवं पात्र तयार झालं की त्याची नुसती बाह्यरेषा घ्यायची, आत काळी शाई भरायची आणि शुक्रवारी ती सावली भिंतीवर लावायची. डोळे नाहीत, कपडे नाहीत. दहा जणांनी चिठ्ठीवर लिहायचं, हा माणूस कसा आहे. काढणाऱ्याने आपलं उत्तर आधीच पाकिटात बंद करून ठेवायचं. दहापैकी नऊ चिठ्ठ्या जुळल्या तर पात्र पास. खाली मालकांची सही. चिठ्ठ्या मी वाचायचो, कारण संवाद लिहिणारा म्हणून माझी वाणी बरी होती, आणि मी कुणाच्याच बाजूचा नाही अशी माझी ख्याती होती. भित्र्या माणसाला ती फुकट मिळते.

त्या शुक्रवारी परीक्षा होती पेन्सिलची. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून हे नाव. अकरा वर्षं ती पात्रांच्या मागची कुंपणं आणि झाडं काढत होती. तिच्या सासूबाई विचारत, “अगं, त्या कुंपणाच्या आत कधी कुणी राहायला येणार आहे का?” आता पात्रं काढणारा माणूस दुसरीकडे गेला होता आणि नव्या मालिकेचा खलनायक अडला होता, म्हणून तिला ही एक संधी मिळाली. पास झाली तर जिन्याजवळची मोठ्या खिडकीची खोली आणि पात्रांचं काम तिचं. नापास झाली तर पुन्हा कुंपणं, निवृत्तीपर्यंत.

कागद उलगडला आणि आम्ही चपापलो. सावली गोल होती. नखशिखांत गोल. एक कोन औषधाला नव्हता.

पण मान जराशी कललेली, समोरच्याचं दुःख ऐकावं तशी. एक हात आशीर्वादासारखा पुढे, दुसरा पाठीमागे. आणि पावलं समोरच्याकडे नव्हे, दाराकडे वळलेली. तो माणूस ‘तुमचं काम झालंच समजा’ म्हणत होता आणि निघालेलाही होता. चिठ्ठी लिहिणारे दहाही जण त्याला ओळखत होते. नऊ जण ते मनात म्हणाले.

दहावे मालक. त्यांची चिठ्ठी मानाने पहिली उघडायची, असा रिवाज होता. मी वाचली, “देवमाणूस.”

“अगदी!” मालक म्हणाले. “बाई, खलनायक काढायचा होता, तुम्ही संत काढलात. पण काय काढलाय! कुणाला बघून?”

पेन्सिल काही बोलायच्या आत मेहुणा लाजला. “मला बघून असेल. मी आपला गोल.”

“तुला मान तरी आहे का कलवायला?” मालक उठलेच. “अरे, हा मी आहे! बघा.”

ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मान कलली, एक हात पुढे आला, दुसरा आपसूक मागे गेला, पावलं दाराकडे वळली. त्यांना आठवावंही लागलं नाही. शाईची सावली आणि मालक यांत तसूभर फरक नव्हता. चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच थबकल्या. “अगंबाई,” म्हणाल्या, “दोन दोन?”

“वाचा आता बाकीच्या,” मालक तसेच उभे राहून म्हणाले.

मी दुसरी चिठ्ठी उघडली आणि मनातच वाचली. ‘गोडबोल्या, नंतर फोन न उचलणारा.’ तिसरी उघडली. ‘कावेबाज.’ मी वर पाहिलं. नऊ माना एकदम खाली गेल्या. ज्यांनी लिहिलं होतं तेच लोक आता टेबलाच्या लाकडाचा अभ्यास करत होते.

पेच साधा होता. खोटं वाचलं तर मालक खूश, पण पाकिटाशी चिठ्ठ्या जुळणार नाहीत आणि पेन्सिल कुंपणावर परत. खरं वाचलं तर ती नियमाने पास आणि मालकांच्या मनातून कायमची नापास. माझ्यासारख्याने अशा वेळी चष्मा पुसायचा असतो. मी पुसला.

“काका, वाचा,” पेन्सिल म्हणाली. “जे लिहिलंय ते.”

मी वाचलं. “गोडबोल्या, नंतर फोन न उचलणारा. कावेबाज. केसाने गळा कापणारा. ढोंगी. हसत हसत पाय ओढणारा. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारा. ढोंगी, पुन्हा. लबाड.” शेवटची मेहुण्याची. त्याने लिहिलं होतं, “आमचे भाऊजी.”

मालक अजून त्याच पवित्र्यात होते. त्यांनी मागचा हात पुढे आणला, त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसरीकडे कुठे ठेवावा ते न कळून पुन्हा मागे नेला.

मी पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, “गोड बोलून दगा देणारा.”

“मेहुण्याची चिठ्ठी धरता येणार नाही,” मालक म्हणाले. “तो स्वभाव नव्हे, नातं झालं.”

“नातं कसलं, तोच स्वभाव!” मेहुणा म्हणाला, आणि मग त्याला जीभ चावायचं सुचलं.

“नऊ झाल्या, साहेब,” पेन्सिल म्हणाली. “खाली तुमची सही आहे.”

पाहता पाहता मालकांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. “अहो, सही कशाला दाखवता? मला काय आनंद नाही? तुम्ही तर मला धाकट्या बहिणीसारख्या. खोली तुमचीच. फक्त भिंतीला रंग काढू, एखादं पत्र तयार करू. पुढच्या महिन्यात निवांत बसून बोलू. झालंच समजा!” आणि ते जिन्याकडे निघाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आमच्या कंपनीत कधीच कुणी कमी पडलं नाही.

पेन्सिलने वाजवल्या नाहीत. ती मालकांचे जोडे बघत होती. “मावशी,” ती म्हणाली, “ट्रे खाली ठेवा आणि माझ्या टेबलाची ती बाजू धरा. काका, तुम्ही ही.”

“आत्ता?” मी विचारलं. “रंग काढणार म्हणाले ना?”

“काका, तीन महिने मी या माणसाला काढतेय. त्याचा पुढचा महिना कसा असतो ते मला कळतं. उचला.”

टेबल मोठ्या खिडकीच्या खोलीच्या दारात अडकलं. आम्ही ते आडवं केलं, दोन ड्रॉवर काढले, मावशींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि टेबल आत गेलं. पेन्सिलने खिडकी उघडली, कागद पसरला आणि तिने कुणाच्या तरी नाकापासून सुरुवात केली.

मालक विसरलेली छत्री न्यायला वर आले, ते थेट त्या दारात थांबले. तिला पाहिलं, टेबल पाहिलं. मान कलली.

“छान,” ते म्हणाले. “मी तेच सांगायला आलो होतो.”