डब्याच्या बुडावरची नावं

यंत्राचा जबडा उघडला आणि राखाडी प्लॅस्टिकची पहिली जाळी खाली पडली. पाण्याच्या बाटल्या, पाठपिशव्या, फावडी, शिरस्त्राणं, जेवणाचे डबे. सैनिकांचं सगळं सामान तिच्यात लोंबत होतं, खऱ्याच्या पस्तीसाव्या हिश्शाचं. रणगाड्यांची आणि लढाईच्या देखाव्यांची मॉडेलं करणारे शौकीन असली पाकिटं हौसेनं घेतात. जपानातल्या शिझुओका शहराच्या कडेला असलेल्या या छोट्या कारखान्याचं पोट त्यावरच चालायचं.

त्सुगे कानाए गेली वीस वर्षं इथले मूळ नमुने करत होती. तिनं जाळी उचलली, डोळ्याला भिंग लावलं आणि जेवणाचा डबा उलटा केला.

बुडावर नावं होती. वर ‘कावाई’, त्यावर दोन तिरप्या रेघा मारून ते खोडलेलं. खाली ‘हागिता’.

ज्यावरून हा नमुना केला, तो खरा डबा होता हागिता तोकिबाईंच्या वडलांचा. बाईंनी शाळेत कानाएला शिवणकाम शिकवलं होतं. आता चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या, तरी कानाए त्यांच्यासमोर अजून ताठ बसायची. डबा देताना बाईंनी बजावलं होतं, “ने खुशाल. पण बुडावरचं कुणाला दिसता कामा नये. शब्द दे.” कानाएनं दिला. संगणकावरच्या आराखड्यातून तिनं नावं पुसलीसुद्धा. मात्र साचा कापायला पाठवताना तिनं जुनाच आराखडा पाठवला. चूक तिचीच, दुसऱ्या कुणाची नाही.

“अगं, अर्धा मिलिमीटर!” मालक मुरामात्सु म्हणाले. “मुंगीला चष्मा लावलास तरी वाचता यायचं नाही.”

“साहेब, आपलं गिऱ्हाईक भिंग घेऊनच बसतं.”

“मग उत्तमच की! नावासकट डबा! परवाच्या प्रदर्शनात उड्या पडतील.”

“मी शब्द दिलाय.”

“आणि मी प्रदर्शनवाल्यांना नाही दिला? साचा बिघडला तर नवा व्हायला दीड महिना. तोवर आपण प्रदर्शनात काय मांडायचं, आपली तोंडं?”

कानाए मान खाली घालून उभी राहिली, पण हलली नाही. मुरामात्सुंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चरफडत यंत्र थांबवलं. “एक वाजता साचा परत चढला पाहिजे. हात सटकला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.”

साचा उतरला. प्लॅस्टिकवर जे खोल असतं, ते पोलादात उठावाचं असतं. म्हणजे घासून काढता येत होतं. पण जागा होती भाताच्या दाण्याएवढी. कानाएनं बारीक कोरणी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. न सांगता गुपचूप निस्तरणं तिच्या जिवाला पटेना. तिनं बाईंना फोन लावला.

झालेली चूक एका दमात सांगून टाकली. मग बाई म्हणाल्या, “हात लावू नकोस. मी येते.”

टॅक्सी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. बाई काठी टेकत आत आल्या. कानाए कमरेत वाकून माफी मागायला लागली. “ते नंतर. दाखव आधी,” म्हणत बाईंनी भिंग घेतलं.

“केवढंसं दिसतंय,” बाई अखेर म्हणाल्या. “आमच्या घरात हेच केवढं मोठं होतं.”

मुरामात्सुंनी स्वतः खुर्ची आणून दिली.

“कावाई म्हणजे युद्धातला वडलांचा सोबती,” बाई म्हणाल्या. “जंगलात तापानं गेला. मरताना डबा वडलांच्या हाती दिला, माझ्या आईला नेऊन दे म्हणाला. वडलांचा स्वतःचा डबा हरवला होता. वरिष्ठांनी मारलं असतं. म्हणून त्याचं नाव खोडलं, आपलं कोरलं. परत आले, पण त्या माउलीकडे गेले नाहीत. चाळीस वर्षं त्याच डब्यात तांदूळ मोजले त्यांनी.”

“बाई, मी दोन्ही नावं काढते,” कानाए म्हणाली.

“नको. वडलांचं काढ. त्या दोन रेघा काढ. त्या पोराचं राहू दे.”

मुरामात्सु दचकले. “आजी, रेघा त्या अक्षरांमधून गेल्यात! सगळं काढणं सोपं. हे म्हणजे...”

“जमेल का गं?” बाईंनी कानाएलाच विचारलं.

“करून बघते.”

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. कानाएनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ‘हागिता’ दहा मिनिटांत सपाट झालं. मग रेघा. अक्षराची कड सांभाळत, श्वास सोडून झाल्यावर एक ओढ; मग थांबायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं. मान आखडली. घाम भुवईवर येऊन थांबला. मुरामात्सुंनी आपल्या रुमालानं तो टिपला. पहिली रेघ गेली. दुसरी निम्मी गेली आणि कोरणी घसरली.

जपानी लिपीत ‘कावाई’तलं पहिलं अक्षर म्हणजे नुसत्या तीन उभ्या रेघा. त्यातल्या मधल्या रेघेचं टोक उडालं होतं.

“काय झालं?” मुरामात्सुंचा आवाज चिरकला.

“एक रेघ आखूड झाली.”

“वाचता येतंय?” बाईंनी विचारलं.

“येतंय.”

“मग थांबू नकोस.”

एकला पाच कमी असताना साचा चढला. यंत्र धापा टाकू लागलं, जबडा उघडला, जाळी पडली. बाईंनी भिंग लावलं आणि हळूच वाचलं, “कावाई.” दोनदा वाचलं. मग बसल्या जागी, हातातल्या त्या इवल्याशा डब्यापुढे त्यांनी मान खूप खाली झुकवली. मुरामात्सु यंत्राकडे तोंड करून उभे राहिले आणि कुणी काही विचारलं नसताना म्हणाले, “चालू करा रे, तीन हजार काढायचेत.”

पाकिटं प्रदर्शनात खपली. बुडावरचं नाव कुणाचं, हे कुणी विचारलंही नाही. बाईंनी मात्र पावसाळाभर पत्रं लिहून ओइ नदीच्या वरच्या खोऱ्यात कावाईचा पुतण्या शोधून काढला आणि खरा डबा घेऊन एकट्या गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांचा कानाएला फोन आला.

“भेटले का, बाई? काय म्हणाले?”

“काही नाही. आत या म्हणाला नाही, चहासुद्धा विचारला नाही. दारातच उभी होते. पण डबा घेताना दोन्ही हात पुढे केले गं त्यानं.”