कंसातला आकडा

"बरं, या नव्या टॉवरचं टोक किती उंचीवर आहे?" असं विचारून मास्तर फरशीवर पसरलेल्या नकाशापासून दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. त्यांच्याकडे विमान चालवायला शिकणारी दातांची डॉक्टरीण गुडघे टेकून नकाशावर वाकली होती. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात तिचा जन्म गेलेला, त्यामुळे तिला हे काही जड नव्हतं.

"दीड हजार फूट."

"मग आपण कुठून जायचं?"

"वर हजार फूट मोकळे सोडायचे. म्हणजे अडीच हजारांवरून."

"शाबास," मास्तर म्हणाले.

फ्लाइंग क्लबात मास्तरांची ख्याती होती ती याचसाठी. उत्तर स्वतः कधी द्यायचे नाहीत, शिकणाऱ्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. ढगांच्या बाहेर राहून, खालची नदी, तळं, रेल्वेचा फाटा ओळखत विमान न्यायचं तर नकाशा स्वतः वाचता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं, पण अलीकडे ते सोयीचंही झालं होतं. मास्तरांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता आणि तो चष्म्यानं जाणारा नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. धावपट्टी कडेच्या नजरेनं निभावत होती, नकाशा तोंडपाठ होता आणि सरकारी तपासणीला अजून अवकाश होता. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. विमान चालवणं सुटलं तर आपल्यात उरतं काय, हा विचार ते मनात येऊच देत नसत.

पण त्याच आठवड्यात नकाशाची नवी आवृत्ती आली होती, आणि टॉवर नवा होता.

नकाशावर टॉवरच्या चिन्हाशेजारी दोन आकडे असतात. ठळक आकडा टोकाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. त्याखाली कंसात असतो तो टॉवर जमिनीपासून किती उंच, याचा. विमानातलं उंचीचं घड्याळ समुद्रसपाटीपासून मोजतं, म्हणून धरायचा तो ठळक आकडा. नवशिके हमखास कंसातला उचलतात. डॉक्टरणीनंही तोच उचलला होता. मास्तरांनी आजवर ही चूक कितीजणांची पकडली असेल, पण ती उत्तर आधी ठाऊक असायचं म्हणून.

त्या दिवशी हवेत धुरळा होता. डॉक्टरीण सरळ रेषेत विमान नेत होती. खाली कालवा आला, कालव्यावरचा पूल आला, ती खुशीत एकेक नाव घेत होती आणि मास्तर हुंकार देत होते. मग बोलता बोलता ती गप्प झाली. धुरळ्यातून टॉवरचं टोक वर आलं होतं आणि ते खाली कुठे नव्हतं, जवळजवळ विमानाच्या नाकासमोर होतं. मास्तरांनी कडेच्या नजरेनं ते टिपून विमान आपल्या हातात घेतलं, कलवलं, आणि टॉवरला लांबून वळसा घातला. हात त्यांचे अजून शाबूत होते.

उतरल्यावर डॉक्टरीण तडक मुख्य प्रशिक्षकाच्या खोलीत गेली. हा मुख्य प्रशिक्षक एकेकाळी मास्तरांचाच विद्यार्थी. मास्तर मागून पोचले तेव्हा ती डोळे पुसत होती. आपण कंसातला आकडा वाचला, सरांसारखा माणूस शेजारी होता म्हणून वाचलो, आपल्याला एकटीला इतक्यात सोडू नका, असं ती परोपरीनं सांगत होती.

इतकी आयती पळवाट कुणाला मिळते? नुसतं 'होतं असं कधी कधी' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तर दाराशी उभे राहिले. गप्प राहायची त्यांची खूप इच्छा होती.

"बाई, तुम्ही चुकीचं वाचलंत हे खरं," ते शेवटी म्हणाले, "पण मला वाचताच आलं नाही. मला तिथे नुसतं काळं दिसत होतं, आणि मी तुम्हाला शाबास म्हणालो."

मुख्य प्रशिक्षक खुर्चीतून उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही बोलला नसतात तर हे कुणाला कळलंही नसतं."

"तेच तर. पुढचा टॉवर येईपर्यंत मीही कळू दिलं नसतं. बाईंना दुसरा कुणीतरी दे. हात चांगला आहे त्यांचा."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल, निदान इतके दिवस लपवलंत म्हणून चार शब्द सुनावेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे आता वर जायचं नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही गं."

मग तिनं त्यांना जेवायला वाढलं. लग्न झाल्यापासून ती दुपारची कधी आडवी झालेली नव्हती. मास्तर वर असले की शिवण घेऊन खिडकीशी बसायची, आणि कुणी विचारलं तर मला दुपारची झोपच येत नाही म्हणायची. मास्तरांनाही ते खरंच वाटत आलं होतं.

त्या दुपारी भांडी तशीच ठेवून ती पलंगावर कलंडली आणि बघता बघता घोरायला लागली. क्लबाचं विमान घरावरून अगदी कमी उंचीनं गेलं, खिडकीची तावदानं थरथरली. मास्तरांचा जीव त्या आवाजामागे धावला. त्यांनी उठून खिडकी हळूच लावून घेतली आणि तिच्या पायांवर चादर ओढली.