बुधवारचा चौकोन

त्या केंद्रातलं माझं काम बसून करायचं होतं, म्हणून तर मी ते पत्करलं. औषधाच्या खिडकीशेजारी एक टेबल, त्यावर कार्डांचा लांबट खोका आणि मागे मी. नशा सोडू पाहणारी ऐंशी-नव्वद माणसं रोज सकाळी तिथे येत. खिडकीतून सिस्टर प्रत्येकाला इवल्याशा कपात औषध देत. ते तिथेच उभ्याने प्यायचं आणि पुढे सरकून माझ्याशी एक वाक्य बोलायचं. औषध गालात धरून बाहेर नेऊन विकणारेही असतात; माणूस बोलला की कळतं, घोट खाली गेला. वाक्य ऐकून मी त्याच्या कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायचो. कार्डावर नाव नसे, नुसता आकडा.

मी जन्मभर एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून परदेशी जायचं ठरवलं, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "शेजाऱ्याला रेडिओ हळू लावा म्हणायला तुझी जीभ रेटत नाही. तिकडे जाऊन तू कुणाला काय सांगणार?" तिचं खोटं नव्हतं. त्यात तिथली भाषा मी पुस्तकांतून शिकलेली. पहिल्याच दिवशी एका दाढीवाल्याला मी "आपली प्रकृती कशी आहे?" असं विचारलं आणि अख्खी रांग हसली. पुढे महिनाभर तो दाढीवाला रोज औषध पिऊन मला वाकून नमस्कार करी आणि म्हणे, "आमची प्रकृती उत्तम आहे, महाराज."

पुढच्या खोलीत मास्तर बसत. ते कुठल्या शाळेत नव्हते. बारा वर्षं त्यांनी स्वतःच नशा केली होती. आता ते लोकांकडून वापरलेल्या सुया जाड डब्यात टाकून घेत, नव्या देत, कंडोमची पाकिटं देत आणि एचआयव्हीच्या तपासणीला घाबरणाऱ्याला हाताला धरून पडद्यामागे नेत. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून एकाची सुई दुसऱ्याने का वापरायची नाही, हे इतक्यांदा समजावत की त्यांना मास्तर हेच नाव पडलं होतं.

आणि रांगेत ती होती, शिवणवाली. तिशीची असेल. कपडे दुरुस्त करायच्या एका दुकानात तिला काम मिळालं होतं. चार महिने तिने एक दिवस चुकवला नव्हता. तिचं वाक्य बहुधा मुलीबद्दल असे. "काका, दात पडला तिचा." "काका, आज बाईसाहेब शाळेत जायला तयार नाहीत." एकदा तिने न विचारता माझ्या कोटाची लोंबणारी गुंडी टेबलापाशी उभी राहून शिवून दिली आणि दोरा दातांनी तोडत म्हणाली, "असं फिरता का हो परमुलखात?" मागचे लोक ओरडत होते. मला आभार मानायचे होते, पण शब्द जुळेपर्यंत ती निघूनही गेली.

त्या आठवड्यात सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी दुपारी खिडकी बंद झाली तरी तिचा चौकोन रिकामाच.

नियम मला पाठ होता. लागोपाठ दोन दिवस चुकले तर चालतं. तीन चुकले की आधीचा डोस बंद. अगदी थोड्यापासून पुन्हा सुरुवात, आणि पूर्वीच्या डोसपर्यंत चढायला पाच-सहा आठवडे. ते आठवडे कसे जातात हे मी पाहिलं होतं. घाम, कळा, झोप नाही. त्यातून पुष्कळजण परत रस्त्यावर जातात. तिचं काम जाईल, मग मुलगीही तिच्याकडून काढून घेतील. मला तो नियम म्हणजे शिक्षा वाटत होती. चार महिने वेळेवर येणाऱ्या बाईला तीन दिवसांसाठी एवढी?

वाचनालयात मी एक लबाडी नेहमी करत असे. एखादं गरीब पोर पुस्तक उशिरा परत आणी, तेव्हा मी शिक्क्याची तारीख मागे फिरवून ठेवायचो. कुणाचं काही बिघडायचं नाही. पुस्तक तर आलेलं असायचं. तीस वर्षांची सवय हाताला होती. त्या बुधवारी खिडकीवरच्या नेहमीच्या सिस्टरची सुटी होती आणि बदलीवर आलेली सिस्टर निघून गेलेली. मी पेन उचललं आणि तिच्या कार्डावर बुधवारच्या चौकोनात खूण केली. आता तिचे दोनच दिवस चुकले होते.

चालत खोलीवर जाताना मी स्वतःशीच हसत होतो हे मला आठवतं. आयुष्यात एकदा तरी आपण कुणासाठी धीट झालो, असं काहीतरी मनात होतं.

गुरुवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधी मास्तर सुयांची खोकी फोडत होते. मी पाकिटं रचून देत होतो. सहज म्हणून मी विचारलं, "मास्तर, तीन दिवसांचा तो नियम जरा जाचक नाही का हो?"

"जाचक?" मास्तर खोक्यातून वर न बघता म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाला विचारा. म्हणजे, विचारता येणार नाही."

मी पुढची पाकिटं उचलली.

"आत होता आठवडाभर. तुरुंगात. सुटला तसा सरळ आपल्या जुन्या डोसवर गेला. कुठल्यातरी दुसऱ्या केंद्रात, तिथे कुणी विचारलं नाही. काका, तीन-चार दिवस औषध नाही मिळालं ना, की अंगाची सवय मोडते. आधी जेवढं पचत होतं तेवढंच पोटात गेलं की माणूस झोपतो. झोपेत श्वास हळू, आणखी हळू... आणि त्यात मधे रस्त्यावरचं काही घेतलं असेल तर संपलंच." त्यांनी पट्टी फाडली. "आई म्हणत होती, किती दिवसांनी शांत झोपलाय, उठवू नको."

माझ्या हातातली पाकिटं खाली पडली.

"राहू द्या, मी उचलतो," मास्तर म्हणाले.

आतल्या खोलीत खिडकीची झडप वर गेल्याचा आवाज झाला. मी आत गेलो तेव्हा रांग भिंतीला वळसा घालून दारापर्यंत आली होती आणि शिवणवाली दुसरी होती. तिचा चेहरा उतरला होता, नाक लाल. पहिला माणूस पिऊन माझ्या रिकाम्या टेबलाकडे पाहत उभा होता. सिस्टरनी स्वतःच खोक्यातून तिचं कार्ड काढलं.

"दोन दिवस नव्हतीस," सिस्टर म्हणाल्या. "काल आलीस ना?"

तिने कार्डाकडे पाहिलं. ती खूण तिला दिसली. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. तिच्या डोळ्यांत काय चाललं आहे ते मला कळत होतं. ती गोंधळली, मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हो."

सिस्टरनी मापाने औषध ओतलं आणि कप पुढे सरकवला.

मला ओरडायचं होतं. पण जे शब्द येत होते ते आपल्या भाषेतले, तेही अर्धे. तिने कप उचलला. शेवटी मी काय केलं, तर रांगेतून घुसून तिच्या हातावर हात मारला. औषध खिडकीच्या फळीवर सांडलं, कप खाली घरंगळला.

"अहो!" दाढीवाला ओरडला. "म्हातारा पिसाळला!"

"ती आली नव्हती," मी म्हणालो. "काल आली नव्हती. खूण मी केली. मी खोटी केली."

नव्वद नाही, पण वीस-पंचवीस माणसं तिथे होती. एवढ्या लोकांसमोर मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. सिस्टरनी आधी फडकं घेऊन फळी पुसली. नंतर त्या मास्तरांना म्हणाल्या, "रांग धरा जरा," आणि आम्हा दोघांना आत बोलावलं.

आत खुर्ची एकच होती. शिवणवालीने ती घेतली नाही. ती माझ्यावरच उसळली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? आधी खूण करायची, मग सगळ्यांसमोर माझा तमाशा करायचा! आता खालपासून चढा मी. सहा आठवडे! दुकानात काय सांगू?"

"तो कप प्यायली असतीस तर दुकानात सांगायला तू नसतीस," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "कुठे होतीस तीन दिवस?"

आई जिन्यावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात रात्री थांबायला परवानगी नव्हती, पण सकाळपासून दुपारपर्यंत जखम धुवायला, कूस बदलायला घरचं माणूस लागे, आणि आमची खिडकी नेमकी त्याच वेळी उघडी असे. मुलगी शेजारणीकडे. घरचं माणूस म्हणून ती एकटीच.

"मधे काही घेतलंस?"

"नाही."

सिस्टर नुसत्या थांबल्या.

"काल," ती म्हणाली. "सहन होईना. काल थोडं घेतलं."

"सुई कुणाची?"

ती खुर्चीत बसली. "होती एकाची."

मी भिंतीकडे बघत उभा होतो. माझ्या त्या एका खुणेने बुधवारचा दिवसच झाकला होता: ते घेतलेलं आणि ती सुई. तिला कुणी काही विचारलंच नसतं.

"कालच ना? मग वेळ गेलेली नाही," सिस्टर म्हणाल्या. "तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर गोळ्या आहेत. एचआयव्ही शिरला असला तर बस्तान बसायच्या आधी अडवतात. जितक्या लवकर तितकं बरं. अठ्ठावीस दिवस, रोज एक, चुकवायची नाही. आधी तपासणी." मग माझ्याकडे वळून, "कार्डं आजपासून मास्तर बघतील."

"मी सामान बांधतो," मी म्हणालो. "संस्थेला कळवतो."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आत्ता मी हिला अगदी थोडं औषध देणार आहे. काल तिने काय टोचून घेतलं कोण जाणे. दोन तास हिच्याशेजारी बसा. झोपली तर मला हाक मारा, आणि झोपू देऊ नका. बोलत राहा."

तपासणी झाली, पहिली गोळी झाली. तपासणीचा निकाल त्या दिवशी चांगला आला, पण त्याला अर्थ नव्हता; आदल्या दिवशीची लागण इतक्यात दिसत नसते. खरा निकाल पुढच्या तपासण्यांत लागणार होता. आम्ही मागच्या अंगणातल्या बाकावर बसलो. ती माझ्याकडे पाठ करून होती. मी बोलायला लागलो ते हवामानावर. मग आमच्या वाचनालयातल्या वाळवीवर. वाळवी पुस्तकाचं कव्हर तसंच ठेवते आणि आतला मजकूर खाते, वगैरे.

"काका," ती पाठमोरीच म्हणाली, "मला जागं ठेवायचंय ना? मग दुसरं काहीतरी बोला. मला पेंग यायला लागली."

मी घाबरून उठलो. ती हसली. थोडंसंच.

मी परत बसलो. शेवटी मी विचारलं, "उद्या सकाळी आईपाशी कोण?"

"कोण असणार?"

"मग औषधाला कशी येणार?"

तिने खांदे उडवले. मी पुन्हा अडखळलो. हे आपलं काम आहे का, आपल्याला जमेल का, एका परक्या बाईच्या उशाशी बसून आपण करणार काय, हे सगळं डोक्यात होतंच. पण म्हटलं, "मी बसतो. कूस बदलायला नर्सला हाक मारेन. तेवढं मला येईल."

"माझी आई फार बोलते," ती म्हणाली. "सोलून काढेल तुम्हाला."

सोललंच. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी इस्पितळात पोचलो. मोठ्या खोलीत बारा खाटा, खिडकीजवळच्या खाटेवर एक हडकुळी म्हातारी पाय बांधून पडलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते? खूण करणारे?"

"हो."

"लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने असं करावं? आम्ही अडाणी बरे. उशी वर घ्या. वर म्हणजे वर, माझ्या तोंडावर नव्हे!"

दीड तासात तिने माझं वय, बायको केव्हा गेली, मूलबाळ का नाही आणि मी कोटाची बाही का कुरतडतो हे सगळं विचारून घेतलं. मला घाम फुटला होता. मधे दोनदा मी नर्सला हाक मारली. पहिल्यांदा तिला ऐकू गेली नाही, दुसऱ्यांदा गेली.

साडेनऊला शिवणवाली आली. केंद्रावरून धावत आलेली, केस विस्कटलेले. तिने पर्समधून गोळ्यांची डबी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि आईच्या उशाशी असलेला पाण्याचा पेला उचलला.

"कसली गं ती?" म्हातारीने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठू लागलो, तर तिने हातानेच बसा म्हणून सांगितलं.

"आई, मी परवा दुसऱ्याची सुई वापरली. एचआयव्ही होऊ नये म्हणून ही आहे. महिनाभर घ्यायची."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. मग म्हातारीने हात लांब करून आपल्या न्याहारीच्या ताटलीतला अर्धा पाव उचलला आणि लेकीपुढे धरला.

"उपाशीपोटी नको घेऊस," ती म्हणाली. "आधी हे खा."