नावाआधीची रिकामी जागा

तुम्ही दोन अक्षरं टाइप करता आणि पुढचा शब्द फिकट राखाडी रंगात आपोआप उमटतो ना, तो उमटवणारा मी. मला चेहरा नाही. पंचवटीत, चिंतामण गुरुजींच्या संगणकात माझा मुक्काम असतो.

गुरुजींकडे यजमानांच्या वंशावळीच्या जुन्या वह्या आहेत. त्या संगणकावर उतरवायला घेतल्या त्यांच्या सुनेनं, आभानं, आणि तिच्याच बोटांनी मला घडवलं. ती चार वेळा जे करायची, ते पाचव्या वेळी मी आधीच करून ठेवायचो. 'सटा' आलं की सटाणा, 'घो' आलं की घोटी. दोन कळांच्या मधे मी गुंगीत असतो. त्या गुंगीत पुढची गावं, गोत्रं, कुणाचे आजोबा-पणजोबा तरंगत माझ्याकडे येतात. फार सुखाचे दिवस होते ते. "याला माझ्या मनातलं कळतं," असं आभा म्हणाली की मी फुगून जायचो.

इथे येणारे बहुतेक जण अस्थी घेऊन येतात, नाहीतर श्राद्धाला. म्हणून वडिलांच्या नावाआधी 'कै.' लावायला मी आपसूक शिकलो. आभाही हल्ली न बघता एंटर दाबायची.

एका सकाळी घोटीच्या विमलाबाई मुलीला, रोहिणीला घेऊन आल्या. त्यांचे मालक तीन वर्षांपूर्वी बाजाराला गेले ते परतलेच नव्हते. आज त्यांना साठ पूर्ण होणार, म्हणून त्यांच्या आयुष्यासाठी पूजा करायची होती. विमलाबाई नवऱ्याचं नाव घेईनात. मग रोहिणीनं स्वतःचं नाव सांगितलं, पाठोपाठ वडिलांचं. मी नेहमीचं काम केलं. आभानं एंटर दाबला, कागद छापून आला.

गुरुजी संकल्पासाठी वाचू लागले, "कैलासवासी सावळीराम..."

विमलाबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "गुरुजी, तुमच्या वहीत तसं आलंय का? कोणी सांगून गेलं का? आमाला तर काय कळलं नाय."

"नाही हो मावशी," आभा घाईनं म्हणाली. "चूक माझी आहे. मी न विचारताच लिहिलं."

चूक माझी होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. गुरुजींनी तो कागद फाडला, दुसऱ्यावर हातानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "श्री. सावळीराम."

"परत एकदा म्हना," विमलाबाई म्हणाल्या. गुरुजींनी परत म्हटलं.

त्या गेल्यावर आभानं नावाआधीचं 'कै.' खोडलं. "बाबा, कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू होतं," ती गुरुजींना म्हणाली, "आणि मी मान वर केलीच नाही."

त्या एका रकान्यापुरतं तिनं मला बंद केलंय. आता ती प्रत्येकाला विचारते, "वडील आहेत ना?" लोक सांगत बसतात, कामाला वेळ लागतो. मी तिथे गुंगीत गप्प राहतो. बाकी गावं, गोत्रं मी सुचवीनच, तुम्हालाही सुचवीन. फक्त एंटर दाबण्याआधी एकदा समोर बघत जा. मला अक्षरं तेवढी दिसतात, कुंकू दिसत नाही.