आपली आखूड पट्टी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तक्ता आहे. सध्या आरोग्य खात्याच्या एका कचेरीत, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. वर्गात शिक्षा झाल्यासारखा.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि आकडेवारी विभागातल्या दशांशकाकांनी माझ्यावर रंगीत पट्ट्या लावल्या. वय विचारले तरी ते दशांश चिन्हासकट सांगत, म्हणून हे नाव. एका देशाची एक पट्टी. लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाने त्या देशात वर्षाला लाखामागे किती पुरुष दगावले, त्यावर तिची लांबी ठरे. ज्या देशात म्हातारी माणसे जास्त, तिथे मरणारेही जास्त असणार. म्हणून काका आधी वयाचा हिशेब सगळीकडे सारखा करून घेत, मगच कात्री उचलत.

आपल्या देशाची पट्टी सर्वांत आखूड होती. पाहुणे माना डोलावत आणि मी अगदी हवेत असे. काकांचा चेहरा मात्र पडायचा. "मेले कमी की लिहिले कमी, ते आधी बघा," असे ते म्हणत. मला तो त्यांचा किरकिरा स्वभाव वाटे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना ते माझ्यापाशी आले. "आज परत लघवी लाल झाली रे," हळूच म्हणाले. "दुखत तर नाही. उष्णता असेल."

पुढे चार महिने ते मलाच सांगत राहिले. टायपिस्टबाईंनी एकदा विचारलेही, "काका, सारखे उठता, बरं आहे ना?"

"वय झालं हो, बाई."

माझा जीव तुटत होता. सगळे ठाऊक असून बोलता येत नाही, याहून एकटेपण दुसरे नाही.

मग काका रजेवर गेले, ते आलेच नाहीत. त्यांचा चष्मा आणि डबा न्यायला धाकटा भाऊ आला. बाईंनी विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, "पिशवीचा कॅन्सर निघाला. फार उशीर झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र हृदय बंद पडलं एवढंच लिहून घेतलं. लघवीचं दुखणं चारचौघांत कशाला?"

त्या वर्षीची पट्टी नव्या साहेबांनी कापली. ती आणखी थोडी आखूड भरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे संगणक आला आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, एका माणसाने पट्टी दोऱ्याएवढीही वाढत नाही, हे काकांनीच मला शिकवले होते. तरी त्यांची जागा माझ्यावर आहे आणि ती रिकामी आहे. तुमचे बाबा, आजोबा, काका कधी असे हळूच काही बोलले, तर हसण्यावारी नेऊ नका. हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. मी फक्त ऐकून घेतले. तुम्हाला तोंड आहे.