दोष गळतोय

थंडी एवढी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तरीही टॅक्सी-तळामागच्या मैदानात उजाडता उजाडता ही गर्दी! टॅक्स्या, टेम्पो, शाळेच्या व्हॅन आणि एका वकिलाची कोरी करकरीत गाडीसुद्धा, सगळ्या एकामागे एक उभ्या. चालकांचे हात जोडलेले, आवाज खाली. मैदानाच्या मधोमध पत्र्याची शेड आणि शेडमध्ये उंच खुर्चीवर कांबळं पांघरून बसलेला एक गुबगुबीत माणूस. हाच तो गिअरबाबा.

"पुढचा!" बाबा गरजला.

गळ्यात बाराही महिने मफलर गुंडाळणारा एक टॅक्सीवाला गाडी घेऊन पुढे झाला. तळावर त्याला मफलर म्हणूनच ओळखत.

"टाक दुसऱ्यात."

खर्रर्र! गिअर असा कोकलला की रांगेतल्या सगळ्यांच्या दातांना कळ गेली.

बाबाने गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. "हे लोखंडा, राग सोड! दातात दात घाल, पण चावू नकोस! ज्याने तुला घडवलं त्याची आण, ज्याने तुला चालवलं त्याची आण, गिअरच्या पेटीत जो दडून बसलाय त्याने खाली उतरावं!" मग डोळे उघडून तो एकदम व्यवहारी आवाजात म्हणाला, "शेडला प्रदक्षिणा घाल. मी हात वर करेपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. आणि गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा. एकदा यंत्रासाठी, एकदा श्रद्धेसाठी."

मफलरची टॅक्सी गोल गोल फिरू लागली. बाबा डोळे मिटून बसला, पण त्याचा कान मात्र गाडीकडे होता. बऱ्याच फेऱ्या झाल्या, मागच्यांचे पाय गारठले, तेव्हा कुठे बाबाचा हात वर गेला.

"आता टाक."

गिअर हूं का चूं न करता पडला. मफलरच्या डोळ्यांत पाणीच आलं. माणसं 'बाबा की जय' ओरडली. शेडच्या दारातल्या दानपेटीत नोटा पडू लागल्या.

रांगेत चौथ्या टॅक्सीत, चालकाच्या शेजारच्या सीटवर एक बाई बसली होती. तिचा जीव हे सगळं बघून जळत होता. ती गाडी चालवायला शिकवायची. "क्लच! आधी क्लच!" असं दिवसभर ओरडायची, म्हणून अख्खं गाव तिला क्लचबाई म्हणायचं. आणि स्टिअरिंगवर बसला होता तिचा सख्खा मोठा भाऊ. याच मैदानात त्याने तिला गाडी शिकवली होती. 'पोरीच्या हातात गाडी कशाला?' म्हणून वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते, तरी शिकवली होती. तिच्या पोटापाण्याचा धंदा ही त्याचीच देणगी, आणि ते ती कधी विसरली नाही.

"पाहिलंस?" दादा म्हणाला.

"पाहिलं. गाडी फिरवली, गरम झाली, गिअर पडला. यात बाबाने काय केलं?"

"गरम? अगं, मी रोज सकाळी गाडी जागेवर चालू करून ठेवतो. चहा होतो, पेपर होतो, तापमानाचा काटा मध्यावर येतो. तरी गिअर खरखरतोच. मग थंडीचा संबंध राहिला कुठे? पेटीत दुसरंच काहीतरी बसलंय."

तळावरचा प्रत्येक जण हेच सांगायचा. काटा वर आला म्हणजे गाडी गरम झाली, आणि गरम गाडीचा गिअर अडतो म्हणजे भुताटकी. एवढ्या एका गैरसमजावर त्या गुबगुबीत माणसाचा संसार उभा होता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. दादाच्या गिअरच्या दांड्याला बाबाने काळा दोरा बांधला होता. दोरा बांधला की कुणाही मेकॅनिकने पेटीला हात लावायचा नाही, ही बाबाची अट. आणि दादाची टॅक्सी रोज जिथे उभी राहायची, तिथे जमिनीवर तेलाचे काळपट डाग पडत होते.

"दादा, पेटीतलं तेल गळतंय."

"तेल नाही ते. दोष गळतोय. बाबांनी आधीच सांगितलं होतं, काळं पाणी पडेल, घाबरू नकोस."

"आणि हा आवाज? गाडी चालताना पेटी केवढी विव्हळते!"

"विव्हळत नाही. जप करते."

क्लचबाईने कपाळावर हात मारला. काय धूर्त माणूस! बिघाडाची प्रत्येक खूण त्याने आधीच कृपेची खूण करून ठेवली होती. तेल जितकं जास्त गळेल तितका भक्त जास्त खूश. तळावर तर 'माझ्या गाडीतून जास्त दोष गेला' अशी फुशारकी मारायची चढाओढ लागली होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

त्या संध्याकाळी ती दादाच्या घरी जाऊन बसली. वहिनी भाजी चिरत होती. क्लचबाई हात जोडून म्हणाली, "दादा, रोज सकाळी कारखान्यातल्या बायका भरून तू घाट चढतोस. तेल संपलं तर पेटी आतल्या आत आवळून बसेल. उतारावर चाकं जाम झाली तर क्लच दाबूनही सुटायची नाहीत. उद्याच पेटी उघड. मी तुझ्या पाया पडते."

"दोरा आहे तोवर नाही उघडायची."

"बाबाशिवाय तोच चमत्कार सगळ्यांसमोर मी करून दाखवला तर?"

दादा हसला. "कर की. मग उघडीन. शब्द देतो."

वहिनीने चिरता चिरता मान वर केली. "दिलेला शब्द पाळा मग," ती नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लचबाई शिकवणीची गाडी घेऊन सरळ मैदानात शिरली. गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. तिने मफलरलाच स्टिअरिंगवर बसवलं. "टाका दुसऱ्यात." खर्रर्र! मग गाडी जागेवरच चालू ठेवून ती खाली उतरली. काटा मध्यावर येईपर्यंत सगळे हात चोळत उभे राहिले. "आता टाका." पुन्हा खर्रर्र!

"बघा, बाहेरची बाधा!" कुणीतरी म्हणालं.

"थांबा," क्लचबाई म्हणाली. मफलरला शेजारी सरकवून ती स्वतः बसली. बाबाचे भक्त उजवीकडून फिरायचे, ही डावीकडून फिरली. मंत्राच्या जागी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणू लागली, तोही मधेच चुकला. गाडी हळूहळू चालवत, क्लच दोनदा दाबत ती फिरत राहिली, आणि मग शेडसमोर थांबून मफलरला म्हणाली, "घाला हात."

गिअर अलगद पडला. काढला, पुन्हा टाकला, पुन्हा तसाच पडला.

 क्लचबाई बोनेटला टेकून उभी राहिली आणि शिकवणीच्या आवाजात बोलू लागली. "नीट ऐका. तो काटा सांगतो इंजिनच्या पाण्याचा ताप. गिअरच्या पेटीतलं तेल वेगळं. घरी खोबरेल थिजतं ना बाटलीत? तसं हे थंडीत घट्ट होतं, मग दातांचा वेग जुळत नाही आणि गिअर खरखरतो. जागेवर इंजिन तासभर चालवलं तरी त्या पेटीला फारशी ऊब लागत नाही. गाडी चालली, गिअर फिरले, की तेल घुसळून पातळ होतं. क्लच दोनदा दाबणं ही तर जुन्या ड्रायव्हरांची युक्ती, दातांना जुळायला वेळ मिळतो. मंत्राने काही होत नाही. सकाळी जागेवर घर्रघर्र करत बसू नका, निघा आणि पहिले काही मैल सबुरीने चालवा. तरीही अडला, तर तेल कमी आहे किंवा जुनं झालंय किंवा क्लच गेलाय. मेकॅनिककडे जा!" मग ती शेडकडे वळली. "आणि बाबा, तुमच्यात शक्ती असेल ना, तर ही पुढची गाडी जागची न हलवता बरी करून दाखवा."

बाबा जराही गडबडला नाही. या धंद्यात गडबडून चालत नाही. "बेटी," तो गोड हसून म्हणाला, "हलवल्याशिवाय यंत्रदेवता जागी होत नाही. आणि गाडी न हलवता बरी करीन, असं मी कधी म्हटलं का?"

हे मात्र खरं होतं. लबाड कुठचा!

आता रांग मोडेल, असं क्लचबाईला वाटलं. रांग मोडलीही. पण सगळ्यांत आधी एक म्हातारा टेम्पोवाला येऊन तिच्या पायांवर वाकला. "माय, तुझ्यातही देवी आहे. मंत्राशिवाय केलंस! माझ्या टेम्पोवर एकदा हात फिरव."

"अहो काका, मी आत्ता काय सांगितलं?"

"पाढ्यातच शक्ती असणार," मागून दुसरा म्हणाला. "कितीचा होता हो? एकोणतीसचा?"

तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! तिने गर्दीत दादाला शोधलं. तो आपल्या टॅक्सीला टेकून उभा होता, तिच्याकडे बघत नव्हता.

"दादा, शब्द दिला होतास."

"मैदान बाबांचंच आहे ना," तो पुटपुटला. "इथली जमीनच जागृत. तू दुसरीकडे करून दाखव."

"दादा!"

"बघू गं. हा आठवडा जाऊ दे. चार लोकांत माझं हसं केलंस ते केलंस, आता पुरे." आणि तो गाडी काढून निघून गेला. पेटी विव्हळत होती, गाडी दिसेनाशी झाली तरी तो आवाज तिच्या कानांत राहिला. तिने धावत जाऊन किल्ली काढून घ्यायला हवी होती, पण चार लोकांत थोरल्या भावाच्या हातातली किल्ली हिसकावायला तिचा हात उचलला नाही.

आठवडा जायच्या आत पेटी जाम झाली. बायका कारखान्याच्या फाटकाशी उतरल्या होत्या आणि दादा रिकामी गाडी घेऊन घाट उतरत होता. पुढची चाकं एकदम आवळली, गाडी भेलकांडत कठड्यावर गेली. दादाच्या कंबरेचं हाड मोडलं आणि डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की पाय वाचेल, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात पुन्हा येणार नाही.

क्लचबाई खाटेपाशी गेली तेव्हा दादा जागा होता. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने मान फिरवली.

"तू परीक्षा घेतलीस," तो म्हणाला. "देवाची परीक्षा घेऊ नये. ते माझ्यावर शेकलं."

तिने हात मागे घेतला. एवढा मोठा भाऊ, आयुष्यभर गाडी चालवलेला, चालत्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून टायर कुठला बसलाय ते सांगणारा! आणि त्याला आपल्याच पेटीतलं तेल गेलं, हे ऐकायचं नव्हतं, कारण ते ऐकलं तर पायाचा दोष त्याच्या स्वतःकडे येत होता. ती बाहेर आली आणि व्हरांड्यात वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

तिकडे बाबाने तोच सूर लावला होता. "अविश्वासाच्या गाडीला कठडा हीच शिक्षा!" दुसऱ्या दिवशी रांग आणखी लांब झाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी तोडल्याचं श्रेय घेणारा कावळा इथे बसलेलाच होता.

मोडलेली टॅक्सी गॅरेजवाल्या मामांनी ओढून आणली. "पेटी कुठे उघडू?" त्यांनी विचारलं. क्लचबाईच्या आधी वहिनीच बोलली, "तळावर. सगळ्यांसमोर. ज्यांनी दोष गळताना टाळ्या पिटल्या, त्यांनाच बघू दे."

मामांनी तळावर पेटी खाली घेतली आणि तिच्या बुडाचं बूच काढलं. खाली ठेवलेल्या परातीत थेंबभर तेल पडलं नाही. पडला तो लोखंडाचा काळा चुरा आणि दाताचे दोन तुकडे. मग झाकण काढलं. आतले गिअर तापून निळे पडले होते आणि एकमेकांना चिकटले होते.

चालक गोळा झाले.  मफलरने पुढे येऊन चुऱ्यात बोट घातलं, ते चोळून पाहिलं आणि एकदम हात जोडले. "ताई, आमच्या गाड्यांवर आता तुम्हीच हात ठेवा. तुम्हाला आधीच दिसलं होतं."

आणि क्लचबाईचा बांध फुटला.

"खबरदार हात जोडलेत तर! मला काहीही दिसलं नव्हतं. जमिनीवर डाग दिसले होते, ते तुम्हालाही दिसत होते. आवाज ऐकू येत होता, तो तुम्हालाही येत होता. तुम्ही गाडीवाले आहात ना? रस्त्यात गाडी पडली तर तारेच्या तुकड्यावर घरी आणणारी माणसं तुम्ही! मग ती अक्कल त्या शेडच्या दारात का काढून ठेवता? माझ्या भावाने ठेवली. आता तो खाटेवर पडून म्हणतोय की माझ्यामुळे झालं. बाबावर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही ठेवू नका. पेटीच्या बाजूचं बूच काढा, बोट घाला, तेल आहे का बघा. एवढंच सांगायचंय. आणि वाकायचंच असेल, तर माझ्यापुढे नको, गाडीखाली वाका!"

बरेच जण तसेच पाय ओढत मैदानाकडे निघून गेले. शेडमधून 'पुढचा!' अशी हाक ऐकू आली. पण मफलर गेला नाही. त्याने मफलर सोडून बोनेटवर टाकला, मामांकडून पाना घेतला आणि पाठीवर झोपून आपल्या टॅक्सीखाली सरकला. दोघंतिघं त्याच्याभोवती उकिडवे बसले.

"ताई," खालून त्याचा आवाज आला, "इथं ओलं लागतंय हाताला. बोटाला आत तेलच लागत नाही."

"मग आज गाडी काढू नका," क्लचबाई म्हणाली.

"नाही काढत."

ती वहिनीशेजारी फुटपाथवर बसली. एवढे दोन शब्द तिला दादाच्या तोंडून ऐकायचे होते.