चार दिवसांचं पाणी

पालीच्या शाळेच्या नव्या इमारतीवर महिपत मुकादम होता. झपाट्याने काम उरकण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्यामुळे कामाचा दर्जा बघायला आलेल्या मृणाली मॅडमने काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून खांबांना रोज पाणी मारल्याची नोंद करायला रजिस्टर दिलं, तेव्हा त्याला हसूच आलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, मॅडम?"

"चूक झाली तर तीही लिहा," ती म्हणाली. "मी ओरडणार नाही. पण लपवलीत तर तेच काम दोनदा करावं लागेल."

शिमग्याच्या तोंडावर खांब ओतून झाले आणि माणसं पालखीसाठी आपापल्या गावाला पळाली. पाणी मारणारी शालन तेवढी मागे थांबली.

"दादा, आमच्या वाडीत काय पालखी नाय. मी येऊन पानी मारते."

पण टाकीची चावी ठेकेदाराच्या घरी होती, आणि महिपतची एसटी सुटत होती. "खांब काय पळून जातायत? तू पण घे की सुट्टी!"

चार दिवस नाचून परतल्यावर त्याने एका बैठकीत रजिस्टरात चारही दिवसांच्या नोंदी भरल्या. पाणी मारलं: होय. कोणी: शालन. अक्षर त्याचं पहिल्यापासून वळणदार.

पुढच्या आठवड्यात मृणालीने खांबावर खिळा ओढला, तर पीठ गळावं तशी भुकटी गळली. तपासणीत तीन खांब कच्चे निघाले. ते तोडून नव्याने ओतायचे, म्हणजे पंधरा दिवस पाण्यात. ठेकेदार भडकला. "पाणी कोण मारत होतं? उद्यापासून तिला कामावर घेऊ नका!"

मृणालीने शालनला बोलावून रजिस्टर पुढे धरलं. शालनने ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि महिपतकडे पाहिलं. तो सिमेंटच्या गोणी मोजल्यासारखं करू लागला.

"माझा नाव इतक्या चांगल्या अक्षरात कोनी लिवला नव्हता," एवढंच ती म्हणाली, आणि आपला डबा उचलायला गेली.

महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने एक शिवी हासडली असती तरी बरं वाटलं असतं.

"मॅडम, तिचा काय दोष नाय," तो कसाबसा म्हणाला. "ती येनार होती. मीच नको म्हटला. आनि ह्या रजिस्टर पन मीच भरलाय."

मृणाली शब्दाला जागली, ओरडली नाही. तिने नुसतं पेन पुढे केलं. "कारणाच्या रकान्यात लिहा."

त्याने लिहिलं. या वेळी अक्षर काही वळणदार आलं नाही. शालनने तेही बोट ठेवून वाचलं.

"दादा," ती म्हणाली, "आता वरचा माझा नाव खोडा."

सगळ्यांच्या देखत महिपतने ते खोडलं. चार वेळा खोडावं लागलं.